दुकानातले दिवे मालवणाऱ्या त्या गृहस्थांस

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावती मी मागितली नाही, तुम्ही फाडली नाहीत, आणि पाटीवर नाव आहे ते दुकानाचं. म्हणून हे पत्र असं उघडंच लिहितोय. सावंतवाडीत, चितार आळीच्या अलीकडे, दारात राख्यांच्या माळा नि आत कंपासपेट्यांच्या थप्प्या असलेलं तुमचं दुकान. श्रावणातली दुपार, बाहेर धो धो पाऊस, आणि काठी टेकत आलेला, बगलेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल धरलेला एक वेंगुर्लेकर. आठवत असेल तर तो मी. आठवत नसेल तर जास्तच बरं, म्हणजे तुम्ही सगळ्यांशीच असं वागता.

चित्र काल पुरं झालं. सकाळपासून चार वेळा उठून बघून आलो. आमची ही म्हणाली, "आता त्याला नजर लागेल, बसा." बसलो, आणि हे लिहायला घेतलं.

थोडं मागचं सांगतो, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही की तुम्ही केलंत काय. मिरग लागला त्याच आठवड्यात मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरलो आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. पडल्या पडल्या जुन्या पत्र्याच्या पेटीतून एक फोटो निघाला. १९८६ सालचा, आमच्या खळ्याचा, म्हणजे अंगणाचा. मधे तुळस, मागे मंगलोरी कौलांची पडवी, पडवीत आरामखुर्चीत वडील, पायाशी सोललेल्या नारळांचा ढीग. ती पडवी आता नाही, तिथे स्लॅब आहे. मनात आलं, हे जलरंगात करावं. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच पुंजी. त्यानंतर थेट निवृत्ती.

तर मुलीने पुण्याहून, एका भल्या मोठ्या दुकानातून, सव्वातीन हजारांचं सामान धाडलं. अठ्ठेचाळीस रंगांचा डबा, त्यात दोन पांढरे नि तीन काळे. चौदा ब्रश, त्यातल्या चारांचे केस पहिल्याच दिवशी आकाशात चिकटले. कागदाचं पॅड, त्याच्या कव्हरावर गोऱ्या पर्वतांचं सुंदर चित्र. शिवाय ऑनलाइन क्लास लावला. क्लासच्या सरांनी तीस वस्तूंची यादी पाठवली आणि पहिल्याच तासाला ठणकावलं, की ट्रेस करून चित्र काढणाऱ्याने ब्रश हातात धरू नये. मी हातानेच काढत गेलो. नऊ कागद संपले. प्रत्येक कागदावर माझी तुळस कोलमडायला आलेली आणि वडिलांची खुर्ची उतरणीला लागलेली.

शेवटी लाज सोडली नि गावातून कार्बन पेपर आणवला. तो देणाऱ्याने "होय, चित्रालाही हाच वापरतात" असं छातीठोक सांगितलं होतं. (त्याच माणसाने आधी मला जलरंग म्हणून पोस्टर कलरच्या बाटल्या दिल्या होत्या. त्या रंगांत आकाश म्हणजे चुना मारलेली भिंत.) कार्बनच्या निळ्या रेघा काही केल्या खोडरबराने जाईनात, वर रंग लावला की तो रेघेपासून बाजूला पळायचा. मला वाटायचं, हात थरथरतोय. वय झालं. तुमच्याकडून कळलं की कार्बनला मेणचट थर असतो, त्यावर पाणी बसतच नाही. महिनाभर मी माझ्या हाताला शिव्या घातल्या, आणि दोष होता एका कागदाचा!

हा सगळा पसारा घेऊन तुमच्याकडे आलो तो आणखी खरेदी करायला. कुणीतरी सांगितलं होतं, साडेतीन हजारांत प्रकाशाची पाटी मिळते, एलईडीची, तिच्यावर ठेवून ट्रेस करायचं. ती आहे का, एवढंच मी विचारलं. तुम्ही पाटीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. म्हणालात, "काय काढतास ता दाखवा आधी."

फाइल उघडली. तुम्ही माझ्या पॅडचा कोपरा पुढे ओढलात, ओलं बोट टेकवून पाण्याचा एक थेंब ठेवलात. कागदाने तो गटकन पिऊन टाकला. मग कपाटाच्या वरच्या खणातून, प्लॅस्टिकात गुंडाळलेला तुमचा कागद काढलात, त्यावर तसाच थेंब. तो अळवाच्या पानावर राहावा तसा टेचात उभा. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, ती आपल्या दमटाने मरते, मग रंग टिपकागदावर पसरावा तसा डाग धरून बसतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. क्लासच्या सरांनी कागदावर अख्खा एक तास घेतला होता. त्यात धुळ्याचा नि वेंगुर्ल्याचा पाऊस एकच धरला होता बहुतेक.

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

माझा झेरॉक्सवर मोठा केलेला फोटो तुम्ही पाहिलात. काउंटरच्या काचेखाली तुमची ट्यूब होती, पेनं उजेडात दिसावीत म्हणून लावलेली. तुम्ही वाकून आतल्या पेनांचे डबे एकेक करून बाहेर काढलेत, बारा-पंधरा तरी असतील, आणि जमिनीवर मांडलेत. काच फडक्याने पुसलीत. झेरॉक्सवरच्या मुख्य रेघा काळ्या स्केचपेनने माझ्याकडून जाड करून घेतल्यात. मग झेरॉक्स, त्यावर तो ३०० जीएसएमचा जाड कागद, चारी कोपरे चिकटपट्टीने बसवलेत. कागद जाड, रेघ अंधुकच दिसत होती. मी म्हटलं, राहू दे. तुम्ही मागे वळलात आणि छताच्या दोन्ही ट्यूब, गल्ल्यावरचा बल्ब, दारातला फोकस, सगळे दिवे घालवलेत.

भर बाजाराची वेळ. बाहेर पावसाने आधीच अंधारलेलं. अंधाऱ्या दुकानात फक्त माझ्या हाताखालची काच उजळलेली, आणि कागदावर माझं खळं वर आलं. तुळस, पडवीचे खांब, कौलांची उतरण, वडिलांचा चष्मासुद्धा.

एक बाई दारातून ओरडल्या, "लाइट गेली काय?" तुम्ही तिथूनच, "नाय गो, काम चालू आसा." त्या थांबल्या. मागून आणखी दोघं आले, छत्र्या निथळत तेही थांबले. तुम्ही त्यांना अंधारातच वह्या मोजून दिल्यात, सुट्टे पैसे बोटांनी चाचपून दिलेत. एकालाही माझ्याबद्दल सबब सांगितली नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं मी रेघा ओढत होतो. मधेच तुमच्या लक्षात आलं की मी एका पायावर उभा आहे. स्टूल आणलंत, आणि दुखरा पाय टेकायला वह्यांचा न फोडलेला गठ्ठा सरकवलात. मी पाय मागे घेतला. वह्यांना पाय कसा लावायचा? तुम्ही हसून म्हणालात, "अजून कोरे आसत. सरस्वती मागसून येतली."

मी एकतीस वर्षं एका बँकेत कॅशियर होतो. म्हणजे एकतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला. काचेला अर्धगोल भोक, तेवढ्यातून माणूस बघायचा. वेळ झाली की खिडकी बंद. पेन्शनीला आलेले म्हातारे बाहेर काठ्या टेकून उभे असायचे, त्यांना "उद्या या" मी किती वेळा म्हटलं असेन, त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. नियमाने वागलो, कुणाचा पैसा बुडवला नाही, याचा मला अभिमानही होता. पण काउंटर रिकामा करून त्यावर समोरच्या माणसाचा कागद मांडता येतो, हे काही कधी सुचलं नव्हतं. त्या अंधारात रेघा ओढताना हेच डोक्यात फिरत होतं, म्हणून डाव्या खांबाची रेघ जरा वाकडी गेली आहे. तशीच ठेवली.

रंगांचंही तसंच. मी पाकीट काढून उभा, आणि तुम्ही विकायचं नाव घेईनात. माझ्या अठ्ठेचाळीसच्या डब्यातून चार वड्या वेगळ्या केल्यात, बाकी नातवंडांना द्या म्हणालात. फक्त दोन नळ्या दिल्यात, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. नळीवरची बारीक अक्षरं दाखवलीत: पीबी २९, म्हणजे आत खरंच अल्ट्रामरीन आहे, नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्याच कशाने तरी तसा दिसणारा रंग केलेला. रद्दीच्या पट्टीवर दोन्ही रंग एकत्र करून दाखवलेत. निळा जास्त तर पावसाळी ढग, तांबडा जास्त तर भिजलेला जांभा, आणि मधे कुठेतरी जुन्या कौलांवरचा तो काळपट रंग, ज्याला नावच नाही. ती पट्टी मी चित्राच्या मागे चिकटवली आहे. हिरवा नळीतला फासायचा नाही, माड प्लॅस्टिकचे दिसतात, हेही तुमचंच. डबा ओला असताना मिटायचा नाही, नाहीतर लोणच्यासारखी बुरशी धरते. हे मला फार उशिरा कळलं, माझ्या पिवळ्यावर लव आली होती.

मी पांढरा मागितला. तुम्ही म्हणालात, "पांढरो कित्याक होयो? कागद पांढरोच आसा मां." आणि गल्ल्यावरच्या त्या चित्राकडे बोट केलंत. हातात समई धरलेली बाई, समईच्या उजेडाने उजळलेला चेहरा. मीही इतकी वर्षं ते राजा रविवर्म्याचं समजत होतो. ते सा. ल. हळदणकरांचं, १८८२ साली याच सावंतवाडीत जन्मलेल्या माणसाचं, आणि जलरंगातलं; मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचं चित्र घराघरांतल्या कॅलेंडरांवर, आणि नाव दुसऱ्याचं. तुम्ही ते चिडून नाही सांगितलंत. उजेड कुठून येतो तेवढंच दाखवत होतात.

निघताना मी धीर करून विचारलं, ट्रेस केलं म्हणजे चोरी नाही का? तुम्ही उत्तर दिलंत ते आईची आठवण करून देणारं. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद बायका काय डोळ्यांनी मोजतात? आमची आई दिवाळीआधी जुन्या वर्तमानपत्रावर उदबत्तीने एकेक भोक पाडत बसायची. घरभर जळक्या कागदाचा नि चंदनाचा वास. मग तो कागद अंगणात पसरून वरून रांगोळी पसरायची, उचलला की ठिपके ओळीत. तिला कुणी चोर म्हटलं नाही. ठिपके सारखे, पण शेजारणीची रांगोळी आणि आईची रांगोळी लांबून ओळखू यायची. त्या क्लासच्या सरांना हे सांगणार होतो, पण त्यांनी फीचा दुसरा हप्ता मागितला आणि माझा मूड गेला.

सगळे मिळून साडेतीनशे रुपयेही झाले नाहीत. वर तुम्ही तुमच्या खिशातली झिजलेली ४बी पेन्सिल दिलीत. घरी ट्रेस करायचं झालं तर कागदाच्या मागे ही घासा, कापसाने पुसा, रिकाम्या रिफिलने वरून गिरवा. तिचे पैसे घेतले नाहीत. "संध्याकाळी गणपतीच्या शाळेत जातंय, थय दुसरी आसा," म्हणालात. तेव्हा कळलं की गणपती घडवतात त्या शाळेत तुम्ही मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करता. म्हणजे त्या दिवसांत तुमचे हात किती मोलाचे होते, आणि त्या हातांनी तुम्ही माझ्यासाठी पेनांचे डबे उचलत होतात.

त्या दिवशी मी नीट आभारही मानले नाहीत. एसटी चुकेल म्हणून "येतो" म्हटलं आणि निघालो. वळून पाहिलं तेव्हा तुम्ही दिवे लावत होतात आणि त्या बाई डबे काचेखाली ठेवायला मदत करत होत्या.

चतुर्थी होऊन तुमची धावपळ ओसरली की येतो. चित्र घेऊन येतो, पेन्सिल परत आणतो. पडवीच्या उजव्या कोपऱ्यात कौलं जरा जांभळी झालीत, ती कशी सावरायची ते सांगा. या खेपेला दिवे चालू ठेवलेत तरी चालेल.

तुमचा,
काठीवाला वेंगुर्लेकर