उत्तरायणाआधी अँटेना उतरवा!

आपल्या हॅम रेडिओ (हौशी रेडिओ) क्लबच्या सर्व सभासदांना नमस्कार.

१४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं गच्चीवर असणार, तेव्हा १३च्या संध्याकाळपर्यंत आपापले वायर डायपोल (तारेचे अँटेना) खाली घ्या. ४० मीटर बँडचा (सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरींचा) डायपोल म्हणजे साधारण २० मीटर तार, पतंगांसाठी आयतं जाळंच! गेल्या वर्षी माझ्या कोअॅक्सचं (अँटेना रेडिओला जोडणाऱ्या केबलचं) वरचं आवरण मांज्याने चिरलं. दिसायला नुसता ओरखडा, पण पावसाळ्यात आत पाणी गेलं आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळतो त्याचं माप, १च्या जवळ असलेलं बरं) ३च्या वर. मी महिनाभर रेडिओलाच दोष देत बसलो होतो.

पुन्हा चढवताना आधी तारेवर बोट फिरवून बघा, मग एसडब्ल्यूआर मोजा. विजेच्या तारांजवळ अडकलेला मांजा ओढू नका, मुलांनाही ओढू देऊ नका.

या दोन दिवशी सकाळचं नेट (रेडिओवरची आपली ठरलेली भेट) २ मीटर बँडवर, हँडीवरूनच (हातातल्या छोट्या रेडिओवरूनच) घेऊ. गच्चीवरून रेंज चांगली मिळते.

हॅम परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी रविवारी दांडिया बाजारच्या नेहमीच्या जागी यावं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (सुरुवातीच्या) परवान्याला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) नाही, उगाच घाबरू नका. तिळगूळ काकूंकडून येणार आहे, डबे परत करा!

— सचिव