चिन्याच्या अ‍ॅक्टिवाबद्दल

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

तुझा चिन्या अठराचाही नसताना आता अ‍ॅक्टिवा घेऊन एकटाच सात रस्ता चौकातल्या क्लासला जातो, असं वहिनी परवा कौतुकानं सांगत होती. फोनवर आपलं लगेच वाजतं, म्हणून तेव्हा गप्प बसले.

आमच्या सईचंही सध्या हेच खूळ, फक्त कारचं. इथं साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, पण आधी नियमांचा कोर्स आणि लेखी परीक्षा. एवढं करूनही ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर शेजारी बसून परवान्यावर सही करेपर्यंत आईबापांनी चावी द्यायची नाही. त्याच्याबरोबर 6 तास. त्यानंतर 50 तास आपण बसायचं, त्यातले 10 रात्रीचे. तेवढे तास झाले अशी सही आईबापांनीच ठोकायची.

खरं शिक्षण या 50 तासांत होतं, दादा. उजवीकडे वळताना आरशात बघून भागत नाही, मान वळवून सायकलची पट्टी बघावी लागते. सई आरसा बघायची आणि वळायची. मास्तरांनी सांगितलं, मी सांगितलं, तरी तेच. एकदा सायकलवाला अगदी दाराजवळून गेला, तिनं कचकन ब्रेक मारला. त्यानंतर मात्र सांगावं लागलं नाही. मी शेजारी होते म्हणून तो प्रसंग तेवढ्यावरच मिटला.

शिकाऊ परवाना हातात येऊन 6 महिने झाल्याशिवाय आणि सोळा पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा नाही. पास झाली तरी वर्षभर रात्री 11 ते पहाटे 5 एकटीनं चालवायची नाही, मैत्रिणींना बसवायचं नाही. घरात रोज रुसवेफुगवे.

आपल्याकडे सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतचं. अ‍ॅक्टिवा त्यात बसत नाही. 2019 पासून अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. विजापूर रोडवरचे ट्रक तर तू रोज बघतोसच.

अठरा पूर्ण झाले की आरटीओत लर्निंग काढ, 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. मधल्या दिवसांत मागं तूच बस. वहिनीला बसवू नकोस, ती किंचाळते आणि पोरगं दचकतं.

तुझी,
सुमी