तक्रार : माझ्या कॉलच्या नोंदी, तुमचा विकास प्रकल्प आणि मला न विचारता काढलेला गुणांक

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी आणि डेटा संरक्षण अधिकारी
(दोघांनाही एकाच वेळी पाठवते आहे. 'हे त्यांच्या विभागाकडे येतं' हे उत्तर आता चालणार नाही.)

आजचा कॉल संपताच माझी तक्रार 'निराकरण झाले' अशी नोंद करून बंद केल्याचा मेसेज आला. निराकरण झालेलं नाही. एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. म्हणून आता लेखी.

प्रकल्प तुमचाच आहे, त्यामुळे तो समजावून सांगत बसत नाही. कोणत्या टॉवरवरून, कोणत्या नंबरला, किती वेळ कॉल झाला, रिचार्ज कधी आणि केवढ्याचं केलं, या नोंदी 'सामाजिक व आर्थिक विकासासाठी' म्हणून तुम्ही भागीदार संस्थांना देता. त्या नोंदींवर संगणकाचं मॉडेल चालतं. त्यातून निघालेला पात्रता गुणांक फिरून तुमच्याच छोट्या कर्जाच्या सेवेत येतो आणि त्या गुणांकावर माझा अर्ज फेटाळला गेला. यातलं काहीही तुम्ही आपणहून सांगितलं नाही. नकाराच्या मेसेजमध्ये 'भागीदार मूल्यांकनानुसार' एवढंच होतं. त्याचा अर्थ विचारत विचारत मी इथवर आले.

कर्ज मिळालं नाही ही माझी तक्रार नाही. ते देणं न देणं तुमचा अधिकार आहे. माझ्याबद्दल काय ठरवलं, कशावरून ठरवलं आणि ते चुकीचं असेल तर कुठे सांगायचं, हे मला कळलंच पाहिजे. नेमकं तेच कोणी सांगत नाही.

आज बराच वेळ होल्डवर ठेवल्यानंतर मला 'वरिष्ठ अधिकारी' जोडून दिले. त्यांच्याशी झालेलं बोलणं इथे लिहिते आहे. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, ताडून पाहा.

मी विचारलं, माझ्या नोंदी कोणकोणत्या संस्थांना दिल्या?

"मॅडम, नाव आणि नंबर काढूनच डेटा जातो. मग तो तुमचा राहत नाही."

मग त्यातून निघालेला गुणांक माझ्या खात्यावर कसा आला?

थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. मग, "तो सिस्टिम जनरेट करते."

सिस्टिमला माझं खातं कसं कळलं?

"नावाच्या जागी कोड असतो, मॅडम."

म्हणजे नाव काढलेलं नाही, नाव झाकलंय. कोणत्या कोडमागे कोण आहे याची यादी तुमच्याकडेच आहे. मी हे म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला आणि सिस्टिमला काय दिसलं ते वाचून दाखवलं : रिचार्ज लहान रकमांचे आणि वरचेवर, कॉल खूप वेगवेगळ्या नंबरांना, त्यातले पुष्कळ अवेळी. मी सांगितलं, घरात हा एकच फोन आहे. दिवसा आई वापरते, रात्रपाळीहून भाऊ फोन करतो तो याच नंबरवर, आणि रिचार्ज जेव्हा ज्याच्या हातात पैसे असतील तो करतो. तुम्ही तिघांची मिळून एक व्यक्ती केलीत आणि तिला बेभरवशाची ठरवलंत. त्यावर उत्तर आलं, "तसा पर्याय सिस्टिममध्ये नाही."

ठीक आहे, मी म्हटलं. मग माझ्या नोंदी या प्रकल्पातून काढून टाका. त्यावर ते म्हणाले :

"मॅडम, हा डेटा गरिबांसाठी वापरला जातो. दवाखाना कुठे हवा, मदत कोणाला द्यायची, हे त्यातून ठरतं. तुम्हाला लोकांचं भलं व्हायला नको आहे का?"

हे त्यांनी सावकाश म्हटलं, समजुतीच्या सुरात, लहान मुलाला दटावतात तसं. मी गप्प राहिले तर त्यांनी तेच पुन्हा विचारलं. माझ्याच घरच्या नोंदींबद्दल मी प्रश्न विचारला, तर मी लोकांच्या भल्याच्या आड येणारी ठरले! तुमच्या कंपनीचं हेच धोरण असेल तर ते जाहिरातीत छापा, म्हणजे ग्राहकांना सिमकार्ड घेण्याआधी कळेल.

कॉलच्या नोंदींतून लोकांचं भलं होऊ शकतं, हे मला तुमच्या माणसाने शिकवायची गरज नाही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत १९ लाख सिमकार्डांच्या हालचालींवरून राजधानी सोडून किती माणसं कुठे गेली याचा अंदाज संशोधकांनी बांधला होता. त्या कामाचं मोल मी जाणते. पण तिथे प्रश्न होता लोकांचे लोंढे कुठे गेले हा. एकेका माणसाला गुण देऊन दार लावून घेणं हे अगदी वेगळं काम आहे, आणि तुम्ही दुसरं करताना पहिल्याचं पुण्य मिरवता.

तुमच्या माहितीपत्रकात टोगो या आफ्रिकी देशाचं उदाहरण मोठ्या अक्षरांत आहे. २०२० मध्ये महामारीच्या काळात तिथे मोबाइलच्या नोंदींवरून गरजू माणसं शोधून त्यांना थेट पैसे दिले गेले. त्या कामाचा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. केवळ भाग पाहून मदत देण्याच्या पर्यायांच्या तुलनेत गरजू वगळले जाण्याच्या चुका ४ ते २१ टक्क्यांनी कमी झाल्या, हे तुम्ही छापलंत. त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की सर्वांच्या परिस्थितीची नीट नोंदवही असती, तर तिच्या तुलनेत या पद्धतीने अशा चुका ९ ते ३५ टक्क्यांनी वाढल्या असत्या. हे तुम्ही गाळलंत. संशोधकांनी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या आणि तुम्ही सोयीची तेवढी उचललीत. शिवाय ज्याच्याकडे फोनच नाही तो तुमच्या नोंदींत नाहीच. दवाखाना कुठे हवा हे त्या नोंदींवरून ठरणार असेल, तर ज्याला तो सगळ्यात जास्त हवा तोच हिशेबाबाहेर राहील.

आता 'नाव काढलं की डेटा तुमचा राहत नाही' याबद्दल. २०१३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी, कोणाचंही नाव नाही. वेळ आणि टॉवर अशी फक्त चार ठिकाणं माहीत असली, तर त्यातली ९५ टक्के माणसं इतरांपासून वेगळी ओळखता येतात असं त्यात दिसलं. घर, कामाची जागा आणि आणखी दोन ठिकाणं. माझी चार ठिकाणं शेजारपाजाऱ्यांनाही ठाऊक आहेत. तुमच्या डेटा विभागाला हा अभ्यास माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. आणि माहीत असेल, तर तुमचे अधिकारी फोनवर मला काय सांगत होते?

दुसरं, ते लहान रिचार्ज. अनियमित कमाईवरून माणसाची लबाडी ओळखायला निघालेल्यांचं काय झालं ते पाहा. ऑस्ट्रेलियात वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून, ज्यांना कधी काम मिळायचं कधी नाही अशा लोकांकडून सरकारी मदत परत मागितली गेली. आकडेमोड यंत्राची होती, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करायचं ओझं त्या लोकांवर टाकलं होतं. २०२३ मध्ये तिथल्या शाही चौकशी आयोगाने ती योजना अन्याय्य आणि बेकायदा असल्याचं नोंदवलं. नेदरलँड्समध्ये सरकारी माहिती एकत्र करून फसवणूक करण्याची शक्यता असलेली माणसं हुडकणारी सिरी (SyRI) ही प्रणाली हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी थांबवली. तिचं काम पुरेसं पारदर्शक नव्हतं आणि ते तपासता येत नव्हतं, हे त्यातलं मोठं कारण होतं. त्या दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच सांगितला जात होता. तुम्हीही तोच सांगता.

आणि मी एकटी बाहेर पडले तरी प्रश्न मिटत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या भागातल्या बाकीच्यांच्या नोंदींवरून तुमचं मॉडेल अख्ख्या भागावर शिक्का मारणार, आणि तो मलाही लागणार. त्यातल्या कोणालाही तुम्ही विचारलेलं नाही. नियम व अटींच्या लांबलचक मजकुरात कुठेतरी 'संशोधनासाठी वापर' असं लिहिलं आणि फोन सुरू करायचा तर 'मान्य आहे' दाबण्यावाचून इलाज ठेवला नाही, याला विचारणं म्हणत नाहीत.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. माझ्या नोंदी कोणत्या संस्थांना, कधीपासून आणि कोणत्या करारावर दिल्या. माझा गुणांक किती आहे आणि कोणत्या गोष्टींवरून काढला. तो माणसाने पुन्हा तपासावा, आणि हा फोन तिघांचा आहे याची नोंद त्यात व्हावी. माझ्या नोंदी आणि त्यांवरून काढलेला गुणांक, दोन्ही भागीदारांकडूनही पुसले गेल्याची खात्री मिळावी. फक्त तुमच्याकडचं खातं 'बंद' करून चालणार नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २२ नुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या अशा निर्णयात माणसाचा हस्तक्षेप मागता येतो. आपण जागतिक दर्जा पाळतो असं तुम्ही संकेतस्थळावर लिहिता. मग तो दर्जा मलाही लागू करा.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर हे पत्र आणि आजच्या कॉलचा तपशील नियामकाकडे जाईल. एक प्रत तुमच्या भागीदार संस्थांना आणि त्यांना निधी देणाऱ्यांनाही पाठवीन, कारण ग्राहकांनी हे राजीखुशीने दिलंय असं तुम्ही त्यांना सांगितलेलं दिसतं. नंबर पोर्ट करणारच आहे. पण पोर्ट केल्याने आधी दिलेल्या नोंदी परत येत नाहीत, म्हणून त्याआधी उत्तर हवं आहे. पहिला फोन घेतल्यापासून आमचं घर तुमच्याच नेटवर्कवर आहे. दुसरीकडे स्वस्त मिळत असतानाही हललो नाही. त्या विश्वासाचा हिशेब तुमच्या गुणांकात कुठेच लागलेला नाही.

आणि त्या अधिकाऱ्यांनी मला दोनदा विचारलेल्या प्रश्नाबद्दल कंपनीने लेखी माफी मागावी. त्यांच्या एकट्याची माफी नको. ते वाक्य त्यांना कोणीतरी लिहून दिलेलं आहे, इतक्या सराईतपणे ते म्हणत होते.

फोन करू नये. उत्तर खात्यात नोंदवलेल्या पत्त्यावर लेखी पाठवावे.

— तक्रारदार ग्राहक