आबा, माझ्या पटाशीला धार आली

तीर्थस्वरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. चष्मा लावला तरी मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते हौसेने लाकूडकामाला लागलेल्या पुष्कळ जणांना हवं असतं, आणि कुणाच्या दारात जाऊन विचारावं ते कळत नसतं.

गेल्या आषाढात मी पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला आले होते. माहेरच्या फणसाच्या फळीचा गणपतीसाठी पाट करायचा होता, त्याच्या खाली बसवायला सागाच्या दोन पट्ट्या हव्या होत्या. पिशवीत सहा पटाश्यांचा, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्यांचा, कोरा संच आणि चार नंबरचा लोखंडी रंधा होता. दोन्ही मला दाद देत नव्हते. तुम्ही जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून करवत स्वतःकडे ओढत होतात. मी विचारलं, यापेक्षा चांगल्या कंपनीचं हत्यार कुठे मिळेल? तुम्ही एक पटाशी घेतलीत आणि अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलीत. ती घसरली. धार असती तर नखात अडली असती. मग म्हणालात, "ताई, हत्यार वाईट नाही. ते अजून झालेलंच नाही. दुकानातून निम्मं येतं, उरलेलं आपण करायचं."

दुसऱ्या कुणी मला चार महागडी नावं सांगून वाटेला लावलं असतं. तुम्ही बसायला गोणपाट दिलंत.

तोवर मी पटाशीचा उतार, म्हणजे टोकाकडची तिरकी बाजू, तेवढीच घासत होते. पाठ, म्हणजे मागची सपाट बाजू, कधी धारेच्या दगडाला लावलीच नव्हती. तुम्ही पाठीवर काळ्या पेनाने रेघोट्या मारल्यात, दगडावर चार हात दिलेत आणि पटाशी माझ्यापुढे धरलीत. कडेची शाई गेली होती, ऐन टोकाची तशीच होती. जिथे शाई राहिली तिथे दगड पोचलाच नव्हता. धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे भेटतात ती रेघ, आणि माझ्या पटाशीत ते दोघे भेटतच नव्हते. सगळी पाठ आरसा करायची गरज नाही, टोकाकडचा इंचभर सपाट झाला की पुरे, हेही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर मी मुठीपर्यंत घासत बसले असते. एक इंची पटाशीला मला दोन संध्याकाळी लागल्या. मग उतार 25 अंशांचा, अगदी टोकाला 30 चा. पाठीकडून बोट फिरवल्यावर पहिल्यांदा ती बारीक खरखर लागली तेव्हा मी घाबरून विचारलं, बिघडलं का? तुम्ही खूश झालात. ती खरखर आली म्हणजे दगड टोकापर्यंत पोचला. मग जुन्या कातडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढून ती काढून टाकायची. त्या दिवशी सागाच्या आडव्या टोकावरून पटाशी फिरवली, तर कापलेली जागा चकाकत होती. पूर्वी तिथे भुगा पडायचा.

अर्धा इंचीचं दुःख वेगळं होतं. ती मी घाईत एका धारवाल्याकडून ग्राइंडरवर घासून आणली होती आणि टोक निळं पडलं होतं. तुम्ही कानशीचा कोपरा त्या निळ्यावर लावलात, कानशीने पोलाद खाल्लं. जरा मागे लावलात, तिथे कानस घसरली. "टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंय, मागचं शाबूत आहे." निळा भाग हळूहळू, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत उतरवायला लावलात. दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांबी गेली, पण पटाशी वाचली. तीच आता माझी सगळ्यात आवडती.

मग एका रविवारी तुम्ही माझ्याबरोबर जुन्या बाजारात आलात. या वयात, त्या गर्दीत, नुसतं मला हत्यार पारखता यावं म्हणून! लोखंडाच्या ढिगाऱ्यासमोर तुम्ही उकिडवे बसलात. बाहेरचा गंज तुम्ही बघतही नव्हतात. पातं उलटं करून पाठीवर टोकाजवळ गंजाने खड्डे पाडलेत का, तेवढंच बघायचात. खड्डा धारेत आला की तिथे धार तुटणार, असलं पातं परत ढिगात. मूठ फुटलेली असली तरी तुम्हाला चालायची, मूठ बाभळीची नवी करता येते. तिथेच तो शिसवी रंधा मिळाला. त्याच्या तळाला गुण्या लावून तुम्ही तो उजेडाकडे धरलात. मध्ये उजेडाची बारीक फट होती, पण तोंडाच्या पुढे आणि मागे तळ टेकत होता. "घ्या. हा सरळ करता येईल."

त्या रंध्याने मला ऐकायला शिकवलं. पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी मारली की पातं खाली सरकतं, रंध्याच्या मागच्या टोकावर मारली की वर येतं, आणि पाचर नीट बसली की ठोक्याचा आवाज भरीव होतो. माझी फणसाची फळी जागोजागी उलट्या रेषांची होती. एका दिशेने रंधा मारला तरी वीतभर गुळगुळीत आणि पुढे लगेच टवके. ते टवके म्हणजे माझ्या हाताचा दोष, असं मी धरून चालले होते. तुम्ही लोखंडी रंधा उघडलात, पात्यावरची दुसरी पट्टी धारेपासून जवळजवळ एक सूत मागे होती. ती केसभर अंतरावर आणलीत आणि दोन्ही मिटवून उजेडात धरलीत. मधून उजेड दिसता कामा नये, नाहीतर साल तिथेच अडकते. आता साल उचलली जाताच पट्टीवर मोडून वर वळते, लाकूड फाडत पुढे जाऊ शकत नाही. त्याच जागेवरून मी पुन्हा रंधा मारला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पिवळी साल बाहेर आली, पलीकडचं बोट दिसेल इतकी पातळ. ती तुम्ही खिशात ठेवलीत. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते: आबा, फार फार आभार.

पाट वेळेत झाला. सागाच्या पट्ट्या खाचेत बसल्यात, एकही खिळा नाही. मध्ये तीनदा धार लावावी लागली. सागात वाळूच्या जातीचं सिलिका असतं, ते धार खातं, हे आधी सांगून ठेवलं होतंत म्हणून चिडचिड झाली नाही. खंडेनवमीला सहाही पटाश्या आणि दोन्ही रंधे झेंडूची फुलं वाहून पुजले. शेजारी तुम्ही दिलेला दगडाचा तुकडा ठेवला होता.

करवतीचे दाते मात्र अजून जमत नाहीत. एक आड एक डावी-उजवीकडे वाकवताना माझे सारखे वाकत नाहीत आणि काप एका अंगाला जातो. रविवारी तिधारी कानस घेऊन येते. सकाळचा चहा टपरीवरून मागवू नका, थर्मास भरून आणते.

तुमची,
टिंबर मार्केटातली ताई