तार्शिनच्या देवळांत भेटलेल्या ताईंना, उशिराचं थँक्यू

ताई, तुमचं नाव बिल्ल्यावर होतं, पण तुम्हाला न विचारता ते इथे टाकणं बरोबर वाटत नाही. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही हेही माहीत आहे, तुमच्यासाठी इंग्रजीत वेगळं पाठवलंय. हे मराठीत लिहितेय कारण आमच्या लोकांनाही कळू दे, की माल्टात कामाला येऊन फक्त समुद्राचे फोटो टाकणारे आम्ही, आम्हाला इथे असंही कोणीतरी भेटलं.

तर आमचे अण्णा. सातारा जिल्ह्यात आयुष्यभर इतिहास शिकवला, आता काचबिंदूने नजर जवळजवळ गेलीय आणि एका कानानेच नीट ऐकू येतं. माझ्याकडे राहायला आले तेव्हा बीच नको, चर्च नको, मला ती इथली हजारो वर्षांपूर्वीची दगडी देवळं दाखव, एवढं एकच. आता दिसत नसलेल्या माणसाला देवळं "दाखवायची" म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, पण त्यांना कळत होतं.

आधी एका टूरबरोबर गोझोला, म्हणजे माल्टाच्या शेजारच्या बेटावर, जगंतियाच्या देवळांत गेलो. नाव सांगत नाही, पण पैसे चांगले घेतले. तिथला गाइड राक्षसिणीने हे दगड वाहून आणले ही गोष्ट रंगवून सांगत होता, लोककथा आहे, छानच आहे, पण अण्णांनी विचारलं की बांधणारी माणसं पुढे गेली कुठे, तर हा मला म्हणतो, "मॅडम, युवर फादर इज आस्किंग द बिग मिस्टरी," आणि हसत पुढच्या ग्रुपकडे. त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणी काउंटरवर मला विचारलं, "ह्यांना आत न्यायचंय का?" अण्णा शेजारी उभे! माणसाला दिसत नाही म्हटलं की लोक त्याला ऐकू येत नाही, समजत नाही, सगळंच धरून चालतात. बसमध्ये तेच, दवाखान्यात तेच, आपल्याकडेही तेच, उगाच माल्टाला नावं ठेवत नाही.

आणि मग तार्शिन, माल्टातली अशीच जुनी देवळं, जिथे तुम्ही कामाला. अण्णांनी तोच प्रश्न तुम्हाला विचारला. तुम्ही उत्तर द्यायच्या आधी खुर्ची ओढलीत, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन बसलात आणि म्हणालात, "सर, तुम्ही काय शिकवायचात?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मी पर्स धरून बाजूला उभी, आणि अण्णांचा चेहरा असा, की शाळेतून रिटायर झाल्यापासून मी तो पाहिलाच नव्हता. एवढंच. बाकी तुम्ही जे केलंत ते सगळं त्या खुर्चीच्या नंतरचं आहे.

मग तुम्ही बॅगेतून दगडाचे दोन तुकडे काढून त्यांच्या हातात दिलेत. एक ग्लोबिजेरिना चुनखडी, मऊ, चाकूने कोरता येईल अशी, तार्शिनमधल्या वेटोळ्या नक्षीचे दगड ह्याचे. दुसरी कोरलाइन, खरखरीत, कडक, जगंतियाच्या बाहेरच्या भिंतीत असते ती. अण्णांनी अंगठा फिरवून लगेच सांगितलं की नक्षी पहिल्यावर आणि भार दुसऱ्यावर. तुम्ही "एक्झॅक्टली!" म्हणून टाळी वाजवलीत. पैसे घेणाऱ्या गाइडला जगंतियात उभं राहून हे सुचलं नाही.

आणि प्रश्नाचं उत्तरही दिलंत हो, सरळ. इ.स.पू. ३६००च्या आसपास हे लोक अशी देवळं बांधायला लागले, धातू नाही, चकमक सिसिलीहून, काळी ज्वालामुखी काच लिपारी आणि पँतेलेरिया ह्या सिसिलीजवळच्या बेटांवरून. म्हणजे बेटावर असले तरी जगापासून तुटलेले नव्हते. हजारभर वर्षं हे चाललं आणि इ.स.पू. २४००च्या सुमारास बांधणं थांबलं. तुम्ही म्हणालात, गायब वगैरे शब्द सोडा, माती बघा. झाडं तोडून शेतं केलेली, उतारावरची माती वाहून गेलेली, वर दुष्काळ. गोझोतल्या शारा गावाजवळ त्यांची दफनाची जागा सापडली, तिथली हाडं सांगतात की शेवटी शेवटी खाणं निकृष्ट झालं होतं, आणि लोकसंख्या मुळात फारच थोडी. एवढ्या छोट्या बेटावर थोडी माणसं, आणि एवढे दगड.

अण्णांना सगळ्यात जास्त भिडलं ते तार्शिनचंच. १९१५ ते १९१९ मध्ये पुरातत्त्वज्ञ तेमिस्तोक्लेस झामित इथे खणत होते तेव्हा देवळांच्या थरावर सुमारे मीटरभर नुसता गाळ लागला, आणि त्याच्याही वर राखेने भरलेली मडकी, तांब्या-ब्राँझच्या कट्यारी, मणी. म्हणजे आधीचे लोक मेलेल्यांना जमिनीखाली सगळ्यांच्या सोबत ठेवायचे, जवळच्या हाल सफ्लिएनीच्या दफन-भुयारात तर हजारोंनी, आणि नंतरचे जाळायचे, तेही त्याच पडक्या देवळात आणून ठेवायचे. पुढे आणखी काही शतकांनी माल्टातच बोर्ज इन-नादुरला तटबंदी उभी राहते. देवळाकडून भिंतीकडे! तो गाळ म्हणजे बेट खरंच ओस पडलं होतं का, ह्यावर अजून वाद आहे हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, मिस्टरी म्हणून हसला नाहीत.

झामित मुळात डॉक्टर होते, १९०५ मध्ये माल्टा फीव्हर बकऱ्यांमधून येतो हे शोधण्यात त्यांचा हात होता, हे ऐकून अण्णा इतके खूश, की घरी फोन करून आईला आधी तेच सांगितलं, देवळांचं नंतर.

तुमची ड्युटी संपली होती हे मला नंतर तुमच्या सहकाऱ्याकडून कळलं. जगात चांगुलपणा आहे वगैरे मी सहसा म्हणत नाही, नोकरीत रोज माणसं बघते. पण पगारात न बसणारं काम कोणी असं गुपचूप करतं तेव्हा मला खरंच काय बोलावं सुचत नाही, म्हणून तर तेव्हा नुसतं "थँक्स" म्हणून निघाले आणि आता हे एवढं मोठं लिहितेय.

अण्णा परत गेलेत. तुम्ही दिलेला मऊ दगड कपाटात, गॅझेटियरच्या शेजारी. आणि ताई, तुमचं दुष्काळाचं म्हणणं त्यांना पूर्ण पटलेलं नाही बरं का! ते म्हणतात, पीक साथ देत नसताना गावाने कर्ज काढून जत्रा मोठी करत न्यावी तसं झालं असणार, पुजाऱ्यांचा पसारा लोकांना झेपेना, दुष्काळ नुसतं निमित्त. तुम्ही बहुतेक पुरावा मागाल, तो त्यांच्याकडे नाही. पण समोरासमोर भांडायला पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं म्हणतायत, आणि तिकिटं अर्थातच मी काढायची आहेत.