सात-दहाच्या एसटीतून, मंत्री महोदयांस

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कॉलेज तालुक्याच्या गावी, घरापासून १९ किलोमीटरवर. दोन वर्षं झाली, भेटेल तो माणूस मला एकच विचारतो, "पुण्याला नंबर लागला नाही का?" लग्नात विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, एकदा तर डाळिंबाच्या व्यापाऱ्याने वजनकाट्याशेजारी उभं राहून विचारलं. लागला होता, साहेब. दुसऱ्या यादीत नाव होतं. मी गेले नाही. कुणी अडवलं नाही, मीच गेले नाही, आणि एवढं साधं वाक्य लोकांच्या गळी उतरवताना माझी दमछाक होते.

आमच्या भागात घर सोडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दुष्काळाने आमची माणसं कधीच देशभर पांगवली. जुनं सोनं घेऊन ते वितळवायचं, शुद्ध करायचं, हा गलाईचा धंदा घेऊन इथली पोरं केरळपासून कोलकात्यापर्यंत गेली. गावात दोन घरांआड एक घर गलाईवाल्याचं. माझे वडीलही चौदा वर्षं कोइमतूरला होते. टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं तेव्हा परत आले आणि डाळिंब लावलं. त्यामुळे "बाहेर पडल्याशिवाय माणूस घडत नाही" हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही. बाहेर पडल्याने माणूस घडतो तसा झिजतोही, हे आईने चौदा दिवाळ्या बघितलंय.

मे २०२४ मध्ये बारावीचा निकाल लागला. यादीत नाव आल्यावर मी बियाणे कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. पुण्यात कॉट बेसिसवर महिन्याला चार हजार, मेसचे तीन हजार, शिवाय बस, झेरॉक्स, मोबाइल, आजारपण. वर्षाचे लाखभर कुठेच गेले नसते. वडील म्हणाले, "पैशाचं मी बघतो, तू फॉर्म भर." ते काय बघणार होते ते मला माहीत होतं. पेटीत आईची बोरमाळ होती. ज्या माणसाने अर्धं आयुष्य दुसऱ्यांचं मोडीचं सोनं वितळवलं, त्याला स्वतःच्या घरची बोरमाळ पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवायला लावायची, तेही रसायनशास्त्राच्या त्याच पदवीसाठी जी १९ किलोमीटरवर मिळते, हे मला पटेना.

पैसा हे एकच कारण होतं असंही नाही. आमच्या बागेत तेल्या आला होता. तेल्या म्हणजे जिवाणूमुळे होणारा करपा. फळावर आधी तेलकट डाग, मग तडा. पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर उडतो. गावात मात्र त्याच्यावर अजून बुरशीनाशकं मारतात, कारण दुकानदार तीच देतो. मला ते शास्त्र शिकायचं होतं, आणि बाग इथे होती. सकाळी कॉलेजात शिकलेलं संध्याकाळी झाडापाशी जाऊन बघता येईल असं वाटलं. थोडंफार बघता आलंही.

आता तक्रारीवर येते.

नव्या शैक्षणिक धोरणात आम्हाला विषय निवडायचं स्वातंत्र्य मिळालं, असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला एक खुला विषय, आणि या सगळ्यांच्या म्हणे बास्केट, म्हणजे निवडायच्या विषयांच्या याद्या. सूचना फलकावर कागद लागला, "विद्यार्थ्यांनी खालीलपैकी कोणताही एक खुला विषय निवडावा." खाली एकच विषय होता. आम्ही तो निवडला. दुय्यम विषय म्हणून मला सूक्ष्मजीवशास्त्र हवं होतं, कारण वर सांगितलंच. शिकवायला माणूस नाही म्हणून वनस्पतिशास्त्र घेतलं. पुण्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने तिच्या बास्केटचा फोटो पाठवला होता, तो दोन स्क्रीनशॉटमध्येही मावला नव्हता. धोरण दोघींना एकच आहे. पदवीच्या कागदावर क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, तेही तेवढेच पडतील.

माणूस का नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आमच्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एक. बाकीचे तासिका तत्त्वावर. आम्हाला भौतिक रसायन शिकवणारे सर सेट, म्हणजे प्राध्यापकाची राज्य पात्रता परीक्षा, झालेले, पीएच.डी. झालेले. सकाळी आमच्याकडे तीन तास घेतात, मग मोटरसायकलवरून शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात जातात. तासाचे पैसे मिळतात, तेही दर महिन्याला नाहीत, कधीतरी एकदम. सुट्टीचे तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. मे महिन्यात सर भावाच्या खतांच्या दुकानात बसतात. मी तिथे वडिलांबरोबर गेले होते. सरांनी पोतं उचलून टेम्पोत टाकलं, मला बघितलं, हसले आणि म्हणाले, "थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, वाच जरा सुट्टीत." मी घरी येईपर्यंत बोलले नाही.

प्राध्यापक भरती होणार अशी बातमी मी शाळेत असल्यापासून वाचतेय. खरंच झाली तर जागा आधी कुठे भरणार, एवढंच मला विचारायचंय. शहरातल्या कॉलेजात एक जागा रिकामी राहिली तर तिथे आणखी पाच माणसं असतात. आमच्याकडे एक जागा रिकामी म्हणजे एक विषय बंद.

दुसरी गोष्ट पैशांची. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा पेपरात मथळा होता, मुलींना उच्च शिक्षण मोफत. वडील पेपर घेऊनच कॉलेजच्या ऑफिसात गेले. क्लार्कने शांतपणे समजावलं की आठ लाखांच्या आतलं उत्पन्न वगैरे सगळं बरोबर आहे, पण ते केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साध्या बी.एस्सी.ला नाही. वडिलांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "मग तसं लिहायचं की मथळ्यात."

वसतिगृहाचे आणि निर्वाहाचे भत्तेही बघा. डॉ. पंजाबराव देशमुख योजना घ्या, स्वाधार घ्या, आधार घ्या. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या मुलाला वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझं एका पैशाचं दुखणं नाही. पण या सगळ्या योजनांची मूळ अट एकच, घर सोडलेलं असलं पाहिजे. घरून येऊन शिकणाऱ्या माझ्यासारख्या पोरीला मिळते ती एसटीच्या पासातली सवलत. ती मोठी आहे, दोनतृतीयांश आहे, मान्य. पण मी सकाळी सहाला भाकरी बांधते, सात-दहाची एसटी पकडते आणि संध्याकाळी सातला परतते. तालुक्याला कॉलेजच्या आसपास मुलींना बसून डबा खायला जागा नाही, अभ्यासिका चारला बंद होते. मला साठ हजार नकोत. एक वेळचं जेवण आणि रात्री आठपर्यंत उघडी अभ्यासिका, एवढ्यावर आमची अख्खी बॅच खूश होईल.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे पत्र खोटं होईल. मी घरी राहिले म्हणून जवळचं कॉलेज सगळ्या मुलींना बरं, असं मी म्हणत नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या सेमिस्टरनंतर आली नाही. हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त. घर जवळ असल्यामुळे तिला बघायला येणारेही जवळ होते. पहिली परीक्षा झाली, साखरपुडा झाला, दुसरी परीक्षा तिने हातावरच्या मेंदीसकट दिली. ती पुण्यात असती तर निदान तीन वर्षं वाचली असती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, त्यात ही अक्कल होती की काही पोरांना घरापासून लांबच ठेवावं लागतं. म्हणून वसतिगृहं बंद करा असं कुणी या पत्रातून काढू नये. मला घरी राहणं निवडता आलं, कारण माझं घर तसं आहे.

आता जे मला खरोखर मागायचंय ते.

आमच्या सरांनी एकदा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल सांगितलं. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. पोरं घरी राहतात, नोकरी सांभाळतात, दोन वर्षं तिथे काढतात आणि मग त्याच क्रेडिटवर मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असतील तर तिथल्या विद्यापीठाची काही केंद्रं प्रवेशाची आधीच लेखी हमी देतात. वर्गात सगळे गप्प झाले होते. अमेरिकेचं कौतुक म्हणून नाही. जवळचं कॉलेज आणि लांबचं विद्यापीठ यांतून एकच निवडायचं असतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. आधी हे आणि मग ते, असंही चालतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे याची कागदपत्रं तयार आहेत. पुद्दुचेरीत कम्युनिटी कॉलेज १९९५ मध्येच सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी वेगळी योजना काढली, स्थानिक उद्योगांशी जोडलेले छोटे अभ्यासक्रम म्हणून. आमच्या कॉलेजच्या स्टोअररूममध्ये तिचा बोर्ड अजून आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. २०२१ पासून क्रेडिटची बँकही आहे. माझ्या मोबाइलमध्ये, डिजिलॉकरमध्ये, माझे क्रेडिट जमा होतात. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका. म्हणजे मध्येच बाहेर पडायचं असेल तर दारं भरपूर. पण हेच क्रेडिट घेऊन मी उद्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला गेले तर मला सांगतील, जागा नाही. आमच्याकडे पोस्टात आरडी असते, तिचं पासबुक भरत जातं आणि मुदत संपली की पैसे हातात पडतात. या बँकेत नुसतं भरायचं, काढायची खिडकीच नाही.

तर ती खिडकी उघडा. तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं चांगल्या गुणांनी पूर्ण करणाऱ्यांसाठी विद्यापीठांच्या विभागांत आणि शहरांतल्या स्वायत्त कॉलेजांत तिसऱ्या वर्षाच्या ठरावीक जागा ठेवा, आणि कोणते विषय घेतले तर कुठे जाता येईल हे पहिल्या वर्षीच छापून द्या. मला तेव्हा पुण्याला एक वर्षासाठी जावं लागलं तर बोरमाळ मोडावी लागणार नाही. जमेल तेवढं.

आणि जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी, इथे जे आहे त्याच्याशी कॉलेज जोडा. पुढच्या वर्षी आम्हाला चार क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. वरच्या वर्गातल्या दोघांनी ते झेरॉक्सच्या दुकानात केलं, सही-शिक्क्यासकट. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आमच्यापासून पुण्याच्या मानाने जवळ. एक करार झाला तर डाळिंब पट्ट्यातली रसायनशास्त्राची पोरं तिथे मातीचे, पानांचे, औषधांच्या अंशाचे नमुने तपासायला शिकतील. मी स्वतः तिथे अर्ज केलाय. उत्तर आलं तर कळवीन.

एसटीबद्दल लिहावं की नाही, विचार करत होते, कारण ते खातं आपलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी आमचं प्रॅक्टिकल चारला सुटतं. गावाकडची बस पावणेचारला जाते. पुढची सहा वीसला. दोन वर्षं आम्ही सात मुली आठवड्यातून दोनदा स्टँडवर सव्वादोन तास बसतो. आगारात अर्ज दिला, त्यांनी कॉलेजला वेळ बदलायला सांगितलं. कॉलेजने सांगितलं की सरांना त्याआधी दुसऱ्या तालुक्यातून पोचता येत नाही. म्हणजे फिरून गोष्ट तासिका तत्त्वावरच आली, आणि ते खातं आपलं आहे.

आपली विश्वासू,
बी.एस्सी. भाग दोनची एक विद्यार्थिनी

ता. क. : परवा प्रयोगशाळेत टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. चार जणांत एक ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचनळी. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, म्हणून शिपाईकाका स्टँडसमोरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन आले. पैसे सरांनी दिले. माझं रीडिंग तिन्ही वेळा सारखं आलं.