मामा तलावांचा तळ वाचवा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

शासनाने पापलेटला राज्यमासा केले, मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. छान झाले. आता समुद्राकडून जरा इकडे, भंडारा-गोंदियाकडे बघावे, ही विनंती.

आमचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, कोहळी या शेतकरी समाजाने धानाच्या पाण्यासाठी बांधले. त्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या ढिवर हा मच्छीमार समाज धरत आला. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज मच्छीमार संस्था ठेक्याचे पैसे भरतात, मत्स्यबीज विकत आणून सोडतात. हे बीज रोहू, कतला, मृगळ यांचे. ही वाहत्या पाण्यातली जात, साचलेल्या तलावात वीण घालत नाही. त्यामुळे दरवर्षी पुन्हा बीज, पुन्हा खर्च. उलट मरळ, शिंगी हे देशी मासे फुकट वाढतात. पण त्यांना वनस्पती लागते. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि नर-मादी पिलांच्या थव्यावर पहारा देतात. तळ उघडा पडला की आडोसाही गेला आणि पिलेही.

तळ उघडा पडतो कशाने? काठाने माजलेल्या बेशरम या झुडपाने, वनस्पती फस्त करणाऱ्या गवत्या माशाने, चिखल उकरणाऱ्या सायप्रिनस माशाने. आणि जेसीबीने. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेला आमचा विरोध नाही. गाळ शेतात गेलाच पाहिजे. पण सरसकट खरवडले की गाळाबरोबर कंद आणि बियाही ट्रॉलीत जातात. काठाचा उतार मोडतो, मागे उरतो खड्डा. मग देवधान, म्हणजे पाण्यातला रानभात, नाही, कमळ नाही. सारस पक्षी तरी कशाला येईल?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर संस्थांनी यावर उपाय करून दाखवला आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की बेशरम मुळासकट काढायची, तळ नांगरायचा, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावातून आणलेली हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या पाणवनस्पतींची रोपे चिखलात लावायची. गुडघाभर चिखलात हे काम करणाऱ्यांत बायका पुढे आहेत. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे त्यांना तोंडपाठ. अशा तलावांत देशी मासे परतले. हे ज्ञान आपल्या खात्याच्या कोणत्या रकान्यात बसते, ते कळत नाही.

म्हणून मागणे एवढेच. ठेक्याच्या अटींत वनस्पतींचा पट्टा राखणे आणि देशी मासे जपणे हेही काम म्हणून धरा. ते करणाऱ्या संस्थेला ठेक्याच्या रकमेत सूट आणि लांब मुदत द्या. ज्या तलावात लागवड केली आहे तिथे गवत्या सोडू नका. गाळ किती आणि कुठून काढायचा, हे संस्थेला व ग्रामसभेला विचारूनच ठरवा. वनहक्क कायदा, २००६ मधील कलम ३(१)(घ) माशांवर आणि पाणवठ्यांतल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क मान्य करते. असे हक्क मिळालेल्या गावांत तर ठेक्याचा कागद पुढे करण्याआधी खात्याने तो कायदा वाचावा.

मे महिन्यात यंत्रे तळात उतरतील. आदेश त्याआधी निघावा.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक नागरिक